एकशे सेहेचाळीस पत्रिका

“दुसऱ्या कुनाच्या फोनवरून आलं असतं तर बायांनी उघडलं नसतं, माझ्या फोनवरून आलं म्हनून उघडलं,” असं शिला राठोड एकदा म्हणाली.

कनेरगाव नाक्यापासून चार किलोमीटर आत एका टेकाडाच्या मागं तिचा तांडा आहे. वाशीमकडं जाणाऱ्या रस्त्यावरून तो दिसत नाही. शिला तिथं चौदा वर्षं आशाताई आहे. कुणाची पाळी चुकली, कुणाचं लेकरू वजनात बसत नाही, कोण गोळ्या घेतो म्हणतो आणि उकिरड्यावर टाकतो, हे तिला त्या घरातल्या माणसांच्या आधी कळतं. पूर्वी ते सगळं तिच्या डोक्यात असायचं. गेली काही वर्षं ते तिच्या फोनात असतं.

तांड्यातल्या बायांना फोन तिनंच शिकवला. दवाखान्याची कार्डं काढायची होती, फॉर्म भरायचे होते, आणि फोन मध्येमध्ये प्रश्न विचारायचा: फोटो बघू देता का, मेसेज वाचू देता का, तुम्ही कुठं आहात ते सांगू का. बाया घाबरून फोन खाली ठेवायच्या. एकेक प्रश्न समजावत बसलं तर दिवसाला दोन कार्डं होत नव्हती, आणि वरून तर रोज यादी मागितली जायची. मग शिलानं एक सोपी रीत पाडली. काही बी इचारू द्या, निळ्या अक्षरावर दाबायचं. न्हाई म्हनलं की काम अडतं. बायांनी ते पाठ केलं. म्हाताऱ्यांनीसुद्धा केलं. आपण काय शिकवलं, याचा विचार करायची वेळ तिच्यावर बरीच वर्षं आली नाही.

ती आली एप्रिलमधल्या एका मंगळवारी, लग्नसराईत. दुपारी तीनच्या सुमाराला तिच्या फोनवर पत्रिका आली. पाठवणाऱ्याचं नाव रतनसिंग. रतनसिंग तिचा थोरला भाऊ. सहा वर्षांपूर्वी शिलानं भावजयीला बाळंतपणासाठी हट्टानं दवाखान्यात न्यायला लावलं होतं. जीप निघाली, पण लेकरू वाटेतच गेलं. घरी ठेवली असती तर वाचलं असतं, असं रतनसिंग त्या दिवशी म्हणाला आणि त्यानंतर बहिणीशी बोलला नाही. त्याच्या थोरल्या पोरीचं लग्न ठरल्याचं शिलाच्या कानावर होतं. आवतन येणार नाही, हे तिनं मनाशी धरून ठेवलं होतं.

आणि पत्रिका आली.

तिनं ती उघडली. फोननं विचारलं, ही गोष्ट अनोळखी ठिकाणाहून आली आहे, तरी बसवायची का. तिनं हो म्हटलं. मेसेज वाचू देता का. हो. फोन चालवायला देता का. हो. सहा वर्षांनी भावानं दार उघडलं होतं आणि दारात उभं राहून कोणी अटी वाचत नाही. पडदा पांढरा झाला, थोडा वेळ तसाच राहिला आणि विझला. पत्रिका दिसली नाही. रेंज नसेल, असं ती समजली. भावाला फोन करून विचारायचं धाडस झालं नाही. संध्याकाळी तिनं ट्रंकेतली जांभळी साडी काढून पेटीचा वास जावा म्हणून दोरीवर टाकली.

बुधवारी सकाळी सातपासून फोन यायला लागले.

“आशाताई, पत्रिका उघडून न्हाई राहिली.”

“कुनाची पत्रिका?”

“तुमचीच की. पोराचं जमवलं अन् आमाला सांगितलं बी न्हाई.”

शिलाचा पोरगा नववीत होता. नवव्या फोननंतर तिनं आपले पाठवलेले मेसेज पाहिले. रात्रभरात तिच्या फोनवरून एकशे सेहेचाळीस जणांना पत्रिका गेली होती. ज्या नर्सबाईला ती दोन ओळींच्या वर कधी लिहीत नसे, तिलासुद्धा. फोन हातात धरवत नव्हता इतका तापला होता. पूर्ण भरलेली बॅटरी चहा होईपर्यंत अर्ध्यावर आली.

साडेअकराला ती नाक्यावर दिपकच्या दुकानात पोचली. दिपक तांड्यातलाच, नानीबाईचा धाकटा. चोवीस वर्षांचा, हाताचा हुशार. तुटलेल्या पडद्यांच्या ढिगामागं बसून तो दिवसभर फोन उघडतो आणि दोन वाजता जेवायला तांड्यात येतो.

“या काकी,” तो म्हणाला. “सकाळपासून सात फोन आले, सगळ्यांनी तुमचंच नाव घेतलं. तुमी गोळ्या वाटत होत्या तवा कोनी घेत नव्हतं. हे बराबर घेतलं.”

“हसू नको. काय हाय ते बघ.”

“बघायचं काय. पत्रिका न्हाईच ही. नावाच्या शेवटी एपीके लिहिलंय, दिसलं का? म्हंजे ॲप हाय. फोटो असता तर नुसता उघडला असता, बसवू का म्हनून इचारलं नसतं.” त्यानं पडद्यावर वरून खाली बोट ओढलं आणि विमानाचं चित्र दाबलं. “आधी नेट तोडलं. आता ह्याला बाहेर काई पाठवता येनार न्हाई. तुमचं व्हॉट्सॲप दुसरीकडं कुठं उघडं हाय का तेवढं बघतो, मग काढतो.”

त्यानं व्हॉट्सॲप उघडलं. नावांची यादी आली. सगळ्यात वर, सकाळच्या गोंधळात शिलानं न उघडलेला एक मेसेज होता. नाव होतं पुनम, आणि नावाखाली एवढीच ओळ: ताई पुढची तारीख कवा, घरी कळू देऊ नका.

दिपकचा अंगठा थांबला.

“ह्या आमच्या वहिनी न व्हय?”

शिलानं हात पुढं केला. “दे फोन.”

“काढायचं राहिलं ना अजून.”

“दे म्हनते ना.”

त्यानं दिला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुसलं गेलं नव्हतं, नुसतं जागेवर उभं होतं. “कसली तारीख, काकी?”

“कामाची.”

“घरी कळू न द्यायचं काम?” एक गिऱ्हाईक आत आलं म्हणून त्यानं आवाज उतरवला. “नेट चालू करू नका. ते इमानाचं चित्र तसंच राहू द्या.”

पुनम म्हणजे दिपकच्या थोरल्या भावाची, रणजीतची बायको. वय वीस. आठ महिन्यांची पोरगी पदरात. पहिल्या बाळंतपणात इतकं रक्त गेलं की अजूनही तपासणीत हिमोग्लोबिनचा आकडा सातच्या वर सरकत नव्हता. दोन वर्षं दुसरं लेकरू नको, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. घरी सासूला, नानीबाईला, वर्षाच्या आत नातू हवा होता. लसीकरणाच्या दिवशी लेकराला टोचून घेताना पुनमनं शिलाच्या कानाशी येऊन विचारलं होतं, आमच्यासाठी बी काई सुई हाय का. होती. तीन महिन्यांतून एकदा घ्यायची, गरभ राहू न देणारी. दोनदा घेतली. तिसरी उद्या, गुरुवारी होती. घरी कळलं तर पुनमचं घराबाहेर पडणं बंद होणार होतं आणि मग त्या सातच्या आकड्यावर पुढचं बाळंतपण येणार होतं. असा आकडा घेऊन बाळंत झालेली एक बाई शिलानं आपल्या मांडीवर गार होताना पाहिली आहे. 

बारा वाजायला आले होते. दिपक दोनला घरी जाणार होता.

ती रस्ता ओलांडून ढाब्यावर गेली. तिथं भाकरी करणाऱ्या बेबीबाईकडून तिनं फोन मागितला आणि आपल्या फोनातला नंबर बघून आरोग्य केंद्रात माहिती भरणाऱ्या करुणाला लावला. करुणा हिंगोलीची, जपून बोलणारी मुलगी.

“ताई, तुमच्याकडून मलाही आलंय. मी उघडलं नाही,” ती म्हणाली. “दुकानात देऊ नका म्हणजे झालं. आपल्या बायकांचं सगळं आहे त्यात.”

“म्हनून तर तुला लावला. सांग, म्या करते.”

“सिमकार्ड काढून ठेवा. आता बंद करायचं बटण दाबून धरा. पडद्यावर बंद करा असं आलं? दाबू नका नुसतं, त्याच्यावर बोट धरून ठेवा. सेफ मोड विचारेल.”

विचारलं. शिलाचं बोट सवयीनं निघालं आणि पडद्यापासून तसूभर थांबलं.

“ह्याला हो म्हनू?”

“ह्याला म्हणा. ह्यात बाहेरून बसवलेली ॲप झोपलेली राहतात.”

फोन विझून पुन्हा लागला. कोपऱ्यात दोन शब्द आले. करुणा सांगत गेली तशी ती सेटिंगमध्ये उतरत गेली. ॲपची लांब यादी होती. अर्धी नावं तिनं कधी पाहिली नव्हती. ढाब्यावरचा धूर तिच्या डोळ्यांत जात होता. मधोमध एक नाव नसलेली ओळ होती. चित्रही नव्हतं. यादीत एक भोक पडल्यासारखं.

“तेच,” करुणा म्हणाली. “उघडा. काढून टाका असं आहे?”

“हाय, पन फिकं हाय. दाबून न्हाई राहिलं.”

“त्यानं फोनचा ताबा घेतलाय. मागं या. सुरक्षा म्हणून आहे तिथं जा. कुणाला फोन चालवायची परवानगी दिलीय त्याची यादी येईल. तिथं त्याच्यासमोरचं बटण बंद करा.”

बंद केलं. फोननं विचारलं, नक्की का. तिनं वाचलं. दोनदा वाचलं, ओठ हलवत. मग दाबलं. परत पहिल्या यादीत आली तेव्हा ते फिकं अक्षर गडद झालं होतं. काढून टाका. ती ओळ गेली आणि खालची वर सरकली, जणू मध्ये कधी कोणी नव्हतंच.

बेबीबाई तव्यावरून बघत होती. “निघालं का भूत?”

“निघालं.”

“आता फोन बंद करून परत चालू करा, आणि अनोळखी ठिकाणाहून ॲप बसवायची परवानगी बंद करून ठेवा,” करुणा सांगत होती. “व्हॉट्सॲप दुसरीकडं उघडं असेल तर तिथून काढा. खात्याचं मी बँकेत फोन करून थांबवायला सांगते. आणि ताई, त्यानं रात्रभरात मेसेज वाचले असतील. कुठं गेले ते कुणालाच सांगता येणार नाही.”

“पोरी, एक सांग. माझ्या भावानं ती मला पाठवली म्हंजे...”

“भावानं नाही पाठवली. त्यांच्याही फोनात शिरलं असेल. एकदा शिरलं की ते आपणहून सगळ्यांना जातं. त्यांना पत्तासुद्धा नसेल.”

शिलानं बेबीबाईचा फोन परत दिला. ती थोडा वेळ बाकावर बसून राहिली. समोरून ट्रक जात होते. घरी दोरीवर जांभळी साडी होती. तिनं पुनमचा मेसेज उघडला, मागचे सगळे उघडले आणि एकेक पुसले. पुनमच्या फोनात ते तसेच होते. पुनमलाही पत्रिका गेली होती. यादीत तिचं नाव एकोणचाळिसावं होतं.

तिला तांड्यात जाणारा ऑटो मिळायला एक वाजून गेला.

पहिल्याच घरापाशी शिवकन्यानं तिला अडवलं. ही तिची शेजारीण, जिभेची तिखट. मागं आणखी पाच-सहा बाया होत्या, सगळ्यांच्या हातात फोन.

“या विहीणबाई. वऱ्हाड कुठं उतरवायचं?”

“शिवकन्या, मला पुढं जाऊ दे. मंग येते.”

“पुढं काहून? आमचे फोन जळून राहिले अन् तुमाला पुढं जायचंय. तुमीच म्हनल्या ना, निळं दाबा म्हनून. म्या चार येळा दाबलं.”

“व्हय. म्या चुकीचं शिकवलं.”

 आशाताईनं अशी चूक कबूल केलेली बायांनी ऐकली नव्हती. शिवकन्याच्या सासूनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, जणू कोणी मेल्याची बातमी आली.

शिला खाली बसली. बसल्याशिवाय सुटका नव्हती; या फोनांतून ते अजून पुढं जात होतं, माहेरांना, मामांना, पुसदपर्यंत. तिनं सगळ्यांना आधी विमान दाबायला लावलं. मग शिवकन्याचा फोन घेतला आणि करुणानं सांगितलं तसं तिच्याच बोटानं करून घेतलं. एक झाला, दुसरा झाला. तिसरा दुसऱ्या बाईनं सांगून करून घेतला.

“आता ध्यान देऊन ऐका. पत्रिका म्हंजे फोटो. उघडला की दिसला पायजे. बसवू का म्हनून इचारलं तर ती पत्रिका न्हाई, मंग ती सख्ख्या भावाची का असंना. ज्याच्याकडून आली त्याला आधी फोन लावा, तू पाठवली का म्हना. तो रागावला तर रागावू द्या.”

“अन् दवाखान्याच्या फारमला?”

“त्याला बी. काय मागून राहिला ते वाचायचं. मेसेज वाचू का म्हनला तर न्हाई म्हनायचं. काम अडलं तर माझ्याकडं यायचं.”

“नवऱ्याला न्हाई म्हनता येईना, फोनला म्हना म्हनतात,” शिवकन्या म्हणाली आणि बाया हसल्या. शिला हसली नाही. खालच्या बाजूनं मोटारसायकलचा आवाज येत होता. दिपकची मोटारसायकल गल्लीतून गेली, नानीबाईच्या घराकडं वळली आणि थांबली. दोन वाजायला दहा मिनिटं कमी होती.

“राहिलेले तुमी करा,” शिला म्हणाली आणि उठली.

नानीबाईच्या घरात सावली होती. बाहेरच्या उन्हातून आल्यावर शिलाला आधी नुसत्या बांगड्या दिसल्या, मग माणसं. नानीबाई बाजेवर बसली होती. दिपक खाली, भिंतीला टेकून. त्याच्या हातात पुनमचा फोन होता, पडद्यावर नऊ ठिपके. पुनम आतल्या दारात, कडेवर पोरगी.

“ये, बस,” नानीबाई म्हणाली. “पानी दे गं तिला.”

पुनम हलली नाही.

“वहिनी लॉक सांगून न्हाई राहिल्या,” दिपक म्हणाला. “तेवढं सांगितलं की दोन मिंटांत काढतो. सकाळी सात काढले.”

“तुला फोनच साफ करायचाय का?” शिलानं विचारलं.

“फोन बी साफ करायचाय.”

नानीबाईनं त्याच्याकडं पाहिलं, मग शिलाकडं. दिपकचं आईला सांगून झालं होतं, हे शिलाला कळलं. रणजीत संध्याकाळी टेम्पो घेऊन येणार होता. तोवर हे दोघं वाट बघणार होते, आणि रणजीतनं विचारल्यावर पुनमला ठिपके जोडावेच लागणार होते. ते सुद्धा कळलं.

तेव्हा पुनम पुढं आली. तिनं वाकून दिराच्या हातातून फोन घेतला. ओढला नाही, ताट उचलावं तसा घेतला. “फोन माझा हाय, भाऊ,” ती म्हणाली आणि शिलाच्या हातात दिला.

शिलानं तो हातात तोलला. आपल्या फोनासारखाच गरम. नाव नसलेली ओळ शोधायची, ताबा काढायचा, पुसायची. आता हे तिला चार मिनिटांचं काम होतं. पण ओळ गेल्यावर बाकीचं सगळं फोनात जागच्या जागी राहणार होतं.

“ह्याला दोन रस्ते हायत,” ती पुनमला म्हणाली. “एक, नुसतं ते काढायचं. दुसरा, समदा फोन पुसायचा, दुकानातून आनला तसा कोरा करायचा.”

“कोरा कशाला?” दिपक म्हणाला. “एक बी पुसावा लागला न्हाई मला. काकी, तुमाला ठाऊक हाय ते.”

“ठाऊक हाय.” ती पुनमकडंच बघत होती. “पुसला तर ह्यात काईच राहनार न्हाई. मेसेज न्हाई. लेकराचे फोटो बी न्हाई. दुसरीकडं कुठं हायत का ते?”

“न्हाई.”

आठ महिने. पहिली आंघोळ, पाचवीची पूजा, कान टोचल्यावरचं रडणं, पालथी पडली तो दिवस. पुनमनं पोरीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. पोरगी आईच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत होती. बाहेर कुणीतरी शेळ्यांना हाकलत गेलं. 

“पुसा,” पुनम म्हणाली.

“वहिनी, इच्यार करा.”

“केला, भाऊ.”

शिलानं छातीशी धरलेल्या फोनवर तिनं एका हातानं ठिपके जोडले, कुणाला न दाखवता. शिला सेटिंगमध्ये उतरली. शेवटच्या पानावर फोननं सांगितलं की यातली सगळी माहिती जाईल आणि परत येणार नाही. ते तिनं मोठ्यानं वाचलं, सगळ्यांना ऐकू येईल असं. मग फोन पुनमसमोर धरला. पुनमनं पोरीचा हात बाजूला केला आणि आपलं बोट टेकवलं.

पडदा काळा झाला. बराच वेळ काळाच राहिला. मग पांढऱ्या उजेडात फोननं नव्यानं स्वागत केलं आणि कोणती भाषा हवी ते विचारलं.

दिपक उठला आणि दारात जाऊन उभा राहिला. बाहेर बघत राहिला. त्यानं आजवर बरेच फोन कोरे केले होते. कुणाच्या घरात बसून कधी केले नसावेत.

“शिला,” नानीबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “माझी दोन बाळंतपनं तुज्या आईनं केली. हिचं तू केलंस. तू माझ्याशी कधी लबाड बोलली न्हाईस. आता एक सांग. तारीख कसली होती?”

पुनम भिंतीला लागून उभी होती. पोरगी नव्या उजेडाकडं हात करत होती.

शिलानं नानीबाईच्या डोळ्यांत बघितलं. तारीख पुनमची होती; सांगायची की नाही ते तिचं. मग तिनं फोन पुनमच्या मोकळ्या हातात ठेवला, तिची बोटं त्यावर मिटवली, खांद्याला पिशवी अडकवली आणि दारातल्या दिपकच्या बाजूनं उन्हात निघून गेली.